निजवलेलं झाड

१

“लहानखुरी आहे. बसेल ती बरोबर.”

हे वाक्य वीणासाठी नव्हतं, वीणाबद्दल होतं. तळमजल्याच्या दारात उभ्या राहून घरमालकीण फ्राऊ गाल्लो ते श्रीरंगला जर्मनमधून सांगत होत्या, आणि वीणा जिन्याच्या वळणावर ओल्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन थबकली होती. श्रीरंग हसला. “गेनाऊ, अगदी बरोबर,” म्हणाला. कशात बसेल, हे दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

लग्नाला चार महिने झाले होते, जर्मनीत येऊन अकरा दिवस. व्हिसाला जर्मनची पहिली परीक्षा पुरते, म्हणून श्रीरंगने तेवढीच द्यायला सांगितली होती. वीणाला भाषा आवडली, तिने पुण्यात पुढच्या दोन परीक्षाही देऊन टाकल्या. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. न विचारलेलं सांगायचं नाही, ही तिची लहानपणापासूनची खोड. सासरी त्या खोडीला सगळे ‘शांत स्वभाव’ म्हणत आणि कौतुक करत.

ती चार पायऱ्या मागे गेली, मुद्दाम पाय वाजवत पुन्हा खाली उतरली. दोघंही एकदम प्रसन्न झाले.

“गुटन मोर्गन,” वीणा म्हणाली.

“बघा, किती छान बोलते,” फ्राऊ गाल्लो म्हणाल्या.

घर नेकारसुल्मपासून वीस मिनिटांवर, द्राक्षांच्या उतारालगतच्या एका गावात होतं. श्रीरंग नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात डिझाइन इंजिनियर. आठ महिन्यांत त्याने सत्तावीस घरं पाहिली होती आणि सत्तावीस सभ्य नकार पचवले होते. अठ्ठाविसावं हे. वरचा मजला, दोन खोल्या, बागेकडे उघडणारं स्वयंपाकघर. फक्त भाडेकरार एका वर्षाचा होता, आणि शेवटच्या पानावर शाईच्या पेनाने लिहिलेली एक ओळ होती: भाडेकरूंनी नोव्हेंबरात अंजीर निजवावं, एप्रिलमध्ये उठवावं. ते नीट उठलं तर करार कायमचा होईल.

“आल्झो, म्हणजे एक झाड झोपवायचं आणि उठवायचं,” श्रीरंग म्हणाला. “एवढ्यावर घर मिळतंय. आणि तू तर अंजीरवाल्यांचीच.”

हे खरं होतं. वीणाचं माहेर पुरंदरच्या पायथ्याचं. अण्णांची साडेतीनशे झाडं होती. पहाटे तोडलेली अंजिरं पानांत लपेटून पाटीत रचायची आणि चिकाने सोललेली बोटं शाळेत बाकाखाली लपवायची, यात तिचं बालपण गेलं होतं. पण झाड निजवतात हे तिनेही ऐकलं नव्हतं.

२

झाड फ्राऊ गाल्लोंच्या नवऱ्याचं होतं. रोक्को बाविसाव्या वर्षी इटलीतल्या कोझेंझाजवळच्या एका खेड्यातून इथे कामाला आला, तो ओल्या मोज्यात गुंडाळलेली एक काडी घेऊन. त्या जातीला तिकडे दोत्तातो म्हणतात. फळ पिकलं तरी फिकट हिरवंच राहतं, आत मात्र मध. पण इथली थंडी त्याला सोसत नाही. म्हणून दरवर्षी पानं गळली की एका बाजूची मुळं फावड्याने तोडायची, झाड हळूहळू वाकवायचं, भिंतीलगत खणलेल्या चरात आडवं करायचं, खुंट्यांना बांधायचं आणि वर घोंगड्या, फळ्या, पालापाचोळा, ताडपत्री, माती.

रोक्को तीन वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर दोन हिवाळे हे काम कुणाला नीट जमलं नव्हतं.

वीणाने अण्णांना फोन करून सांगितलं.

“पुरतात? जित्तं झाड?” अण्णा म्हणाले.

“थंडीपुरतं.”

अण्णांनी तिच्याकडून सगळं पुन्हा एकदा ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माती भुसभुशीत टाका म्हणावं. दडपू नका.”

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी श्रीरंगने चर खणून पुरा केला. सात फूट लांब, अरुंद, कमरेइतका खोल. मोजमाप त्याचं नव्हतं. भिंतीत दोन गंजलेले खिळे होते, त्या दोन खिळ्यांमधली लांबी. रस्त्याने जाणारे शेजारी कुंपणावरून डोकावत आणि “हां, अंजीर” म्हणून पुढे जात. असा खड्डा पाहून कुणाच्या मनात दुसरं काही येत नाही, याचं वीणाला नवल वाटलं.

तेव्हा तिला कळलं की कशात बसायचं होतं. चर इतका अरुंद की झाड आडवं केल्यावर शेजारी एकच माणूस मावावं, तेही कुशीवर. खोडाखालून हात घालून सात खुंट्यांना सात गाठी मारायच्या होत्या. श्रीरंग सहा फुटी.

“रोक्को तुझ्याएवढाच होता,” फ्राऊ गाल्लो तिला खुणा करत, सावकाश म्हणाल्या. “क्लाईन. लहानखुरा.”

इतकं साधं होतं. वीणाला स्वतःचंच हसू आलं.

बांधायला प्लॅस्टिकची दोरी पुढे आली. ती तिने परत केली. प्लॅस्टिकने साल कापते. सामानात अण्णांनी जबरदस्तीने घातलेला सुतळीचा गुंडा होता, तो घेऊन ती उतरली. आत थंड, गोडसर वास होता. फ्राऊ गाल्लोंनी वरून एक तपकिरी लोकरी कोट दिला. रोक्कोचा. खोडाला जमीन लागू नये म्हणून तो खाली पसरायचा होता. वीणाने बटणं उघडी ठेवून तो सपाट अंथरला, बाह्या आत दुमडल्या आणि सात गाठी मारल्या. अण्णांच्या पद्धतीच्या, एका ओढीत सुटणाऱ्या.

वर यायच्या आधी तिने खोडाला हात लावला आणि म्हणाली, “येते हं.”

हे तिने ठरवून केलं नव्हतं. कुठूनही निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, हे अंगात मुरलेलं. बागेतून निघताना अण्णाही झाडांना तसंच म्हणत.

“काय म्हणाली ती?” फ्राऊ गाल्लोंनी विचारलं.

“ती म्हणाली, मी येईन,” श्रीरंगने भाषांतर केलं. दोर सावरण्याच्या नादात त्याने पुढचं समजावून सांगितलं नाही.

फ्राऊ गाल्लोंनी ओठ घट्ट मिटले. डोळे पुसले. मग चराच्या डोक्याकडच्या बाजूला मातीची एक जुनी नळी उभी करून त्या पहिली मूठ माती टाकायला वाकल्या.

३

नळी हवेसाठी होती. मातीवर हातभर आलेली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेमकी समोर.

हिवाळ्यात वीणाचे दिवस एका साच्याचे झाले. सकाळी श्रीरंगचा डबा, मग आवराआवर, मग भाषेचं पुस्तक, दुपारी फोडणी. चारच्या सुमाराला उजेड पातळ होऊ लागला की खालचं दार वाजे आणि फ्राऊ गाल्लो काळी शाल गुंडाळून बागेत येत. हातात ऑलिव्हच्या तेलाची छोटी बाटली. त्या नळीजवळ गुडघे टेकत, तेलात बोट बुडवत, आणि ते बोट नळीच्या तोंडावरून आतल्या बाजूने सावकाश गोल फिरवत. मग काहीतरी बोलत. मग थांबत. मग पुन्हा बोलत.

तेलाचं वीणाला ठाऊक झालं होतं. अंजिराच्या टोकाशी एक बारीक डोळा असतो. ऑगस्टमध्ये त्या डोळ्याला तेलाचं बोट लावलं की फळ लवकर पिकतं, अशी रोक्कोच्या गावची रीत. पण हा जानेवारी होता. जमिनीखाली एक पानगळ झालेलं झाड होतं, आणि त्याला फळ नव्हतं.

म्हातारं माणूस आहे, एकटं आहे, ती स्वतःशी म्हणाली. आपल्याकडे भिंतीवरच्या फोटोशी बोलतात, इथे नळीशी.

तिला खटकलं ते बोलणं नाही. थांबणं. माणूस आपलं बोलून झाल्यावर जसा थांबतो तसं ते नव्हतं. फोनवर पलीकडचा बोलत असताना जसं आपण मान हलवतो, मध्येच हसतो, ‘नाही, तसं नव्हे’ असा हात हलवतो, तसं थांबणं होतं.

मग बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी सगळी बाग सारखी पांढरी होती, फक्त नळीभोवती ताटाएवढं ओलं वर्तुळ. कुजणारा पाला गरम होतो, वीणाने मनाला सांगितलं. अण्णांचा खताचा खड्डा थंडीत वाफाळायचा. हे बरोबरच होतं. पण खताचा खड्डा एकसारखा वाफाळायचा, आणि इथे नळीतून वाफ येत होती ती तुटक. यायची, थांबायची. यायची, थांबायची. पोळपाट पुढ्यात घेऊन तिने भिंतीवरच्या घड्याळावर मोजलं. मिनिटाला चौदा.

वारा असेल, असं ठरवून ती कणीक मळायला लागली. मळता मळता तिच्या लक्षात आलं की आपला श्वासही त्याच तालावर चाललाय. तिने तो मुद्दाम मोडला. जरा वेळाने पाहिलं तर पुन्हा जुळला होता. कुणी कुणाशी जुळवून घेतलं होतं, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

४

“खिडकी उघडलीस तरी चालेल,” फ्राऊ गाल्लो एका दुपारी मागे वळून न बघता म्हणाल्या. “नाहीतरी तुला सगळं कळतं.”

वीणाने खिडकी उघडली. आता नाकारण्यात अर्थ नव्हता.

“कशावरून?” तिने जर्मनमध्येच विचारलं.

“ज्याला कळत नाही तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. तू जमिनीकडे बघतेस. ये खाली, कॉफी टाकते.”

श्रीरंगला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याला आधी हसू आलं, मग जरासा राग. “म्हणजे इतके दिवस मी तुझ्यासाठी बावळटासारखं भाषांतर करत होतो?”

“छान करत होतास,” ती म्हणाली.

पण त्याआधी ती कॉफी झाली होती. फ्राऊ गाल्लोंच्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या आणि टेबलावर तीन कप. तिसऱ्याची चौकशी वीणाने केली नाही. ताटलीत वाळवलेली अंजिरं होती, एकमेकांत आडवी-उभी गुंतवून भाजलेली, पोटात अक्रोड आणि संत्र्याची साल. गेल्या पिकाची शेवटची.

“तू बांधलेल्या गाठी चांगल्या होत्या,” फ्राऊ गाल्लो म्हणाल्या. “पण रोक्कोला नाही आवडायच्या. सहज सुटणारी गाठ म्हणजे त्याच्या लेखी गाठच नव्हे. तो डावखुरा. त्याची गाठ उलटी पडायची, कुणाला सुटायची नाही. मी पन्नास वर्षं त्याच्या बुटांच्या नाड्या कात्रीने कापल्या.”

वीणा हसली. मग ज्यासाठी ती खाली आली होती ते तिने विचारलं. “तुम्ही त्यांच्याशी रोज काय बोलता?”

“काय बोलणार? हवा. पाव महागला. कोण वारलं.”

“आणि ते?”

“तो झोपलेला असतो गं. हिवाळ्यात कुठे काय बोलणार.” त्यांनी कपातली साखर ढवळली. “एकदाच विचारत होता, वर रोज दुपारी काय तडतडतं म्हणून. मी म्हटलं, त्या मुलीची मोहरी.”

वीणाने अंजीर तोंडात घातलेलं होतं. ते चावायला तिला बराच वेळ लागला.

त्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या शनिवारी सकाळी वरच्या स्मशानभूमीत आपापल्या नवऱ्यांची थडगी आवरायला जात. हातात फुलं, खुरपी, छोटे झाडू. ऑक्टोबरपासून वीणा त्यांना खिडकीतून पाहत होती. फ्राऊ गाल्लो त्यांच्यात एकदाही नव्हत्या, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

५

फेब्रुवारीच्या अखेरीला करार आला. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात, फ्राऊ गाल्लोंची सही आधीच केलेली. मुदतीच्या रकान्यात ‘कायम’. एप्रिलमध्ये झाड उभं राहिलं की श्रीरंग आणि वीणा, दोघांनी सही करायची.

श्रीरंगने पाकीट फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलं आणि आईला स्काइपवर दाखवलं. मनोरमाबाई पुण्यातल्या खोलीत स्क्रीनच्या इतक्या जवळ बसल्या होत्या की फक्त कपाळ आणि कुंकू दिसत होतं.

“चांगलं झालं हो. एका झाडावर घर. आमच्या वेळी पागडी द्यावी लागायची. वीणा, तुझा चेहरा का उतरलाय?”

“काही नाही, आई. थंडी.”

“थंडीला काय, आत घरात हीटर असतात म्हणे. माझी दोन महिन्यांची सोय झाली बघ. पुढच्या उन्हाळ्यात येते मी, आणि ती अंजिरं खाते.”

त्या आठवड्यात बर्फ वितळला. वीणा कपडे वाळत घालायला बागेत गेली तेव्हा तिला वास आला. अंजिराच्या हिरव्या पानाचा, नारळाच्या दुधासारखा, जरा कडवट. झोपेतसुद्धा ओळखता येईल असा. पानांशिवाय तो येत नाही, आणि पानं उजेडाशिवाय येत नाहीत.

ती नळीजवळ गेली. नळीच्या कडेवरून दोन बोटं लांबीचं सुतळीचं टोक बाहेर लोंबत होतं. तिचीच सुतळी. टोकाला एक गाठ होती, छोटी, नीटस. वीणाने ती निरखून पाहिली. अशा हजार गाठी तिने बांधल्या होत्या, पण ही तिला उलगडेना. आरशात पाहिल्यासारखी होती. पीळ उजवीकडे जायचा तो डावीकडे गेलेला.

तिने टोक चिमटीत धरलं आणि हलकेच ओढलं.

पलीकडून तेवढ्याच हलकेपणे ओढ आली.

तिने सोडलं. टोक क्षणभर तसंच लोंबत राहिलं, मग वाटीतून शेवई ओढावी तसं, सावकाश, वळवळ न करता आत गेलं.

“उंदीर,” श्रीरंग संध्याकाळी म्हणाला. “उंदरांना सुतळी लागते घरटं करायला.”

“उंदीर गाठ मारतो?”

“वीणा, सुतळी गुंतली की तिला आपोआप गाठी पडतात. इयरफोन खिशात ठेवून बघ.”

हे तिलाही पटण्यासारखं होतं. पटावं अशी तिची फार इच्छाही होती. तरी ती म्हणाली, “सही नको करायला. दुसरं घर बघू.”

त्याने फ्रिजवरचं पाकीट सरळ केलं. तो वाईट माणूस नव्हता. सत्तावीस दारांतून परत आलेला माणूस होता.

“मी नाही म्हणणार नाही,” तो शेवटी म्हणाला. “खरंच. पण मला एक कारण दे. एकच. वास, वाफ, सुतळी असलं नाही. मी एखाद्या माणसाला सांगू शकेन असं.”

वीणाने विचार केला. तिच्याकडे तसं कारण नव्हतं. ती कणीक मळायला उठली.

६

एप्रिलचा दुसरा शनिवार. ढगाळ हवा बघून ठरवलेला दिवस. एकदम ऊन लागलं तर साल भाजते. त्याच कारणासाठी, झाड उभं राहीपर्यंत वरची घोंगडी काढायची नाही, असं फ्राऊ गाल्लोंनी बजावलं. त्यांनी केस बांधले होते आणि कानांत सोन्याचे डूल घातले होते. कराराचं पाकीट भिंतीवर, दगडाखाली. एप्रनच्या खिशात पेन.

श्रीरंगने माती ओढली. ताडपत्री, पाला, फळ्या. खाली घोंगडीचा लांबट उंचवटा. दोन दोर झाडाच्या शेंड्याला नोव्हेंबरातच बांधून ठेवलेले होते, त्यांची टोकं त्याने गवतावर आणली.

“चल,” तो वीणाला म्हणाला. “सात गाठी सोड आणि वर ये. मग आम्ही ओढतो.”

“बरोबर कात्री घे,” फ्राऊ गाल्लो म्हणाल्या.

वीणाने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या गाठी एका ओढीत सुटणाऱ्या होत्या, हे त्यांना माहीत होतं. पण तिने काही न बोलता द्राक्षाच्या वेली छाटायची कात्री घेतली आणि चरात कुशीवर सरकली. घोंगडी तिच्या डोक्यावर आली.

आत ऊब होती. ओल्या मातीची नव्हे. कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणाची. हिरव्या पानांच्या वासाने डोळे चुरचुरले. पहिली खुंटी बोटांनी चाचपली. गाठ उलटी होती. दुसरी उलटी. तिसरी. तिने एकेक ओढून पाहिली, एकही सुटेना. तिन्ही नव्याने मारलेल्या होत्या, घट्ट, नीटस, आणि खोडाच्या आतल्या बाजूने, जिथे माणसाचा हात बाहेरून पोचत नाही.

सुतळी ओली झाली की आवळते, ती मनात म्हणाली, आणि कापू लागली. एक. दोन. वरून श्रीरंगचा आवाज येत होता, दोर कुठल्या खांद्यावर घेऊ असं काहीतरी तो विचारत होता. तीन. चार. पाचव्या गाठीशी तिचा हात लोकरीला लागला.

कोट तिने खाली अंथरला होता. सपाट, उघडा. आता लोकर खोडाच्या वरूनही होती. तिने बोटं फिरवली. एक बटण. त्याच्या खाली दुसरं. सगळी लावलेली होती, गळ्यापर्यंत.

ओलीने लाकूड फुगतं. कापड आकसतं. तिने दोन्ही वाक्यं पूर्ण केली, आणि दोन्हींनी बटणं लागत नाहीत हेही तिला कळलं. सहा. आता परत जाता आलं असतं. पण सातवी गाठ राहिली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणाला तरी उतरावं लागेल, आणि ते कोण, हे या घरात ठरलेलंच होतं.

सातवी खुंटी डोक्याकडे, नळीजवळ होती. तिथे नळीतून फिकट उजेड पडत होता, वाटीएवढा. त्या उजेडात कोटाची बाही दिसली. तिने आत दुमडलेली बाही आता सरळ होती आणि भरलेली होती. फांदी गेली असेल आत. वाढताना जिथे वाट मिळेल तिथे जाते. बाहीच्या टोकातून एक पान बाहेर आलेलं होतं. अंधारात वाढलेलं, पांढरं, ओलसर. अंजिराच्या पानाला पाच बोटं असतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पान तिच्या मनगटाकडे वळलं आणि तिथे टेकलं. नाडी बघावी तसं.

ते पान नव्हतं असं वीणा आजही म्हणणार नाही. ती इतकंच सांगेल की पानाला तेल लागलेलं होतं, आणि त्याने जरा दाबलं.

तिने सातवी गाठ कापली.

७

ती पालथी होऊन, कोपरांवर, पायांकडून बाहेर सरकली. अंगभर माती, केसांत पाला. कात्री आतच राहिली होती.

फ्राऊ गाल्लो आणि श्रीरंग दहा पावलांवर पाठमोरे उभे होते. दोर खांद्यावरून पुढे घेतलेले, पाय रोवलेले, रथ ओढायला उभं राहावं तसे. म्हातारीची पाठ ताठ होती. भिंतीवरचं पाकीट वाऱ्याने फडफडत होतं.

“झालं?” श्रीरंगने मागे न बघता विचारलं. “ओढू आता? तू बाजूला हो.”

“काही बोलला का?” फ्राऊ गाल्लोंनी विचारलं. त्यांचा आवाज एखाद्या लहान मुलीसारखा बारीक झाला होता.

वीणा उत्तर देणार होती. पण तिच्या पावलांमागे मातीचं एक ढेकूळ चरात पडल्याचा आवाज आला. मग आणखी एक. लोकर दगडावर घासली गेली. ताणून धरलेले दोन्ही दोर, कुणी ओढायच्या आधीच, हळूहळू सैल पडत गेले आणि गवताला टेकले.

“अरे, सुटला वाटतं शेंड्याचा दोर,” श्रीरंग म्हणाला आणि हाताने तो गोळा करू लागला. “थांबा, मी पुन्हा बांधतो.”

घोंगडी घसरून पडली. ती पडताना वीणाने पाहिली, डोळ्याच्या कोपऱ्यातून, आणि त्यापलीकडे मान वळवली नाही. ज्या गोष्टीचं कारण तिला दीड महिना मांडता आलं नव्हतं, ती आता तिच्या मागे होती आणि चांगली उंच होत चालली होती. तिच्यापेक्षा फार उंच नाही. तिच्याएवढीच.

तिने पुढे होऊन श्रीरंगच्या हातातला दोर काढून घेतला. त्याने मागे वळू नये म्हणून त्याचा खांदा धरला, आणि जितक्या जोरात ती त्या घरात आजवर कधीच बोलली नव्हती तितक्या जोरात, आधी जर्मनमध्ये आणि मग त्याच्यासाठी मराठीत म्हणाली,

“ओढू नका. ते आपले आपण उठताहेत.”